कापसाच्या गाडीची गाठ

नेपाळच्या हिमशिखराखालून मी भिऊन परतलो, असे माझे जावई आमच्या देवळी गावात सांगत फिरतात. हे साफ खोटे आहे. वाटाड्याने माझ्या कमरेला घाईत मारलेली दोराची गाठ मला संशयास्पद वाटली, म्हणून ती सोडून मी आमच्या कापसाच्या गाडीवर मारतात तशी मारली. वाटाड्याने मोकळे टोक ओढताच ती सुटली. बाजारात गाडी झटपट सोडता यावी म्हणून आम्ही ती तशीच मारतो, हे मला तेव्हा आठवले.

"मामाजी, हा पहाड हाय, कापसाची गाडी नाई," जावई हसले.

वाटाड्या पुन्हा आपली गाठ मारू लागला. मी त्याचा हात बाजूला सारला आणि खाली उतरलो. माझी गाठ चुकली होती, हे मान्य. पण त्यामुळे त्याची बरोबर ठरत नव्हती.