आधी डिस्क उघड

"दादा, ही डिस्क आपोआप का उघडत नाय?"

हा प्रश्न मी दादाला निदान शंभर वेळा विचारला असेल. एकदाही उत्तर मिळालं नाही. आता दादाच नाही, त्यामुळे मिळणारही नाही.

पोलादपूर स्टँडजवळ आमचं फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात किस्से मागवावे लागत नाहीत. माणूस दाखल्याला येतो, प्रिंट निघेपर्यंत बाकावर बसतो आणि जाताना एक सोडून जातो. दादा गेल्यापासून जो येतो तो दादाचाच सांगतो. मग मीही सांगतो. सांगताना बरं वाटतं.

*

आधी दुकानात नुसतं विंडोज होतं. गावोगावचे पेनड्राइव्ह लागून लागून त्यात एवढे व्हायरस शिरले की फोटो उघडायला गेलं की जाहिरात उघडायची. दादाने त्याच मशीनवर लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकली. पण विंडोज पुसलं नाही, कारण लोकांचे सगळे कागद विंडोजच्या डिस्कवर होते.

जाधव गुरुजी रोज पेपर वाचायला दुकानात येतात. ते म्हणाले, "एका घरात दोन कारभारी? भांडतील रे."

दादा म्हणाला, "चूल नव्याची गुरुजी, भात जुन्याच्या कणगीत. रोज सकाळी मी कणगीची कडी काढतो."

कडी काढणं म्हणजे स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक लांब ओळ लिहायची आणि पासवर्ड टाकायचा. मग 'गावचे कागद' हा फोल्डर भरायचा. तोवर तो रिकामा. शटर वर, उदबत्ती, मग ही ओळ. दादाने हा क्रम कधी मोडला नाही.

*

मोडला मी. दादा चहा सांगायला गेला होता. कापडे गावची सखूआजी आधारची प्रत मागायला आली. मी घाईत फोल्डर उघडला, तर आत काहीच नाही!

मी ओरडलो, सगळं गेलं. स्टँडवर जाऊन चार रिक्षावाल्यांनाही सांगून आलो. परत येतो तर दादाने ओळ टाकलेली, आणि आजी हातात प्रत घेऊन बसलेली. ती म्हणाली, "तू गेलास रे, कागद हितंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तीच घाई केली. पण फोल्डर रिकामा नव्हता. आत एकच फाईल होती आणि तिचं नाव होतं, 'आधी डिस्क उघड, बारक्या'.

दादाची युक्ती अशी की डिस्क उघडली की ती फाईल कागदांच्या खाली झाकली जायची. विसरलं तरच दिसायची. गुरुजींनी चष्मा लावून वाचली. मी त्यांच्याच वर्गातून नववीत पळालेला. ते म्हणाले, "आधी पुस्तक उघड, मी हेच सांगत होतो. माझ्याकडं फाईल नव्हती."

*

दादा काविळीने गेला. अकरा दिवसांत. तेराव्यानंतर वहिनीने शटर उघडलं आणि मी मशीन चालू केलं. ओळ विसरलो. फाईल दिसली. मी मशीन बंद केलं आणि आम्ही दोघं घरी आलो.

नंतर आठवडाभर मी मुद्दाम विसरत होतो.

*

एका कामाला विंडोजच लागलं. मी ते उघडलं आणि काम झाल्यावर घाईत बंद केलं. दुसऱ्या दिवशी लिनक्समधून डिस्क धड उघडेना. महाडच्या रिपेअरवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "विंडोज बंद झालं नाही, झोपलंय. उठवा, मग नीट बंद करा."

एवढंच. पण मी काउंटरवर डोकं ठेवून रडायला लागलो. समोर एक बाई फोटो घेऊन उभी होती. ती गुरुजींना हळूच म्हणाली, "लय महागाची वस्तू व्हती काय?"

*

मग मला महाड एमआयडीसीत टेम्पोवर नोकरी लागली. दुकान वहिनीने घेतलं. फॉर्म ती माझ्यापेक्षा चांगले भरते, पण त्या काळ्या खिडकीला घाबरते. रोज सकाळी फोन. "भावोजी, ती ओळ सांगा." मी दासगावला टेम्पो कडेला लावून एकेक अक्षर सांगायचो. मागून हॉर्न, पुढून वहिनी.

एके दिवशी मी आंबेनळी घाटात होतो. रेंज नाही. सखूआजीच्या नातीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता आणि दाखला डिस्कवर. वहिनी दुपारपर्यंत फोन लावत राहिली. रेंज आली तेव्हा अर्ज भरायला वीस मिनिटं उरली होती. अर्ज वेळेत गेला. पण वहिनी म्हणाली, "असं दुकान नाय चालायचं, भावोजी. बंद करू."

दादाचं दुकान. मी रविवारी सुट्टी घेतली.

*

मशीन चालू होताना एक यादी वाचतं. त्या यादीत आपल्या डिस्कची ओळ लिहिली की ती आपोआप उघडते. रिपेअरवाल्याने फोनवर ओळ सांगितली. मी एक अक्षर चुकलो आणि मशीन काळ्या पडद्यावर अडकलं. वहिनीचा चेहरा उतरला. गुरुजी म्हणाले, "नववीत लिहिलेलं परत वाचत नव्हतास तू. आता वाचतोयस, म्हणजे नीट लिहिशील."

मी ती ओळ दुरुस्त केली. मशीन बंद करून चालू केलं. कोणी काही टाईप केलं नाही आणि 'गावचे कागद' भरलेला उघडला. वहिनीने दोनदा बंद-चालू करून बघितलं. दोन्ही वेळा भरलेला.

मग तिने विचारलं, "ह्यांची ती फाईल?"

"खाली हाय. आता डिस्क कायम वर राहणार. दिसायची नाय."

"पुसू नका."

"पुसत नाय."

गुरुजींनी पेपर तोंडासमोर धरला, उलटा.

मी डिस्क एकदा मुद्दाम बंद केली. फोल्डरमध्ये दादाची एकटी फाईल आली. तिच्या शेजारी मी एक नवी केली आणि नाव दिलं, 'उघडली, दादा'.

मग रिस्टार्ट दाबलं, उठलो आणि खुर्ची वहिनीला दिली.