गाठोड्याच्या बदल्यात डबा

बायकोच्या बाळंतपणाची पिशवी भरताना मी जुन्या कपड्यांचं गाठोडं एका स्टीलच्या डब्यावर देऊन टाकलं. चूक माझी. वाटेकरी शोधायचा म्हटलं तरी त्या वेळी घरात दुसरं कुणी जागं नव्हतं.

आमचं गाव आदिलाबादकडं, बाजारहत्नूरच्या बाजूला. थोडा कापूस, थोडी ज्वारी आणि गावात माझी पिठाची गिरणी. गिरणीवर दिवसभर माणसांची ये-जा, त्यामुळं मला बोलायची सवय लागली आणि आपल्याला सगळ्यातलं कळतं असा समजही झाला. ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. कमलचं, म्हणजे माझ्या बायकोचं, पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे दुसरं आमच्याकडं. आदल्या वर्षी माझी आई गेली. आई माहूरच्या रेणुकेची भक्त. तिच्या आजारपणात मी देवीला किती विनवलं, काय काय कबूल केलं, आणि तरी ती गेली. तेव्हापासून मी देवीवर रुसलो होतो. दिवा लावायचो, पण तोंड फुगवून. मनात म्हणायचो, तू तुझ्या जागी राहा, मी माझ्या जागी राहतो. पण कमलचे दिवस भरत आले, पाय सुजले, आणि मला भीती वाटायला लागली. भीती आली की रुसव्याचं काही चालत नाही. देवीशी पुन्हा बोलायचं तर सुरुवात कुठून करावी हे सुचेना, म्हणून मी दवाखान्याची पिशवी भरायला घेतली आणि पहिल्यांदा तिचा फोटो ठेवला, चौकटीसकट.

मग अंगाऱ्याची पुडी ठेवली. हळद-कुंकू ठेवलं. इच्चोड्याच्या बाजारातून आणलेला झालरीचा फ्रॉक, नवाकोरा टॉवेल, पावडर, कंगवा, आरसा. थोडक्यात, लग्नाला निघाल्यासारखी पिशवी भरली. कोपऱ्यात कमलनं बांधून ठेवलेलं एक गाठोडं होतं, ते काही केल्या आत बसेना. सोडून पाहिलं तर फाटकी लुगडी, धोतराचे तुकडे, विरलेल्या चादरी. असलं घेऊन दवाखान्यात गेलो तर लोक काय म्हणतील, असं माझ्या मनात आलं. नेमकी त्याच दुपारी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली. लाईट नव्हती म्हणून गिरणी बंद, कमल झोपलेली, माझी मोठी बहीण, आमची अक्का, नेरडीगोंड्याहून मदतीला आलेली, ती शेजारी गेलेली. मी गाठोडं बाहेर काढलं. बाई वाटी द्यायला तयार होती, मी हुज्जत घालून झाकणाचा डबा मिळवला. दवाखान्यात शिरा न्यायला डबा पाहिजेच की. सौदा जिंकला म्हणून मी संध्याकाळपर्यंत खूश होतो. कमल पिशवी उघडून बघणार, मग मी तिला डबा दाखवणार, असं ठरवलं होतं.

तिला बघायला मिळालंच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच कळा सुरू झाल्या, हिशेबाच्या थोड्या आधी. गावातल्या एकाची जीप मिळाली. थंडी अशी की जीपमध्ये बोललं तरी तोंडातून वाफ निघायची. आदिलाबादला दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन पडायला लागलं होतं, आणि ते ऊन ओसरीवर येईपर्यंत मुलगी झाली. लहानशी. नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “पुराना कपडा लाव, नरम. बच्ची गीली है, ठंडी पड रही.”

मी पिशवीतून झालरीचा फ्रॉक काढून दिला. नर्सबाईंनी तो दोन बोटांत धरला. “ये क्या बाबा, बारात में आए क्या तुम? पुराना बोली मैं, पुराना.” मग मी टॉवेल काढला. तो खळीनं असा ताठ होता की उभा केला असता तर उभा राहिला असता.

अक्कानं माझ्या हातातून पिशवी घेतली. “कमलनं गाठोडं बांधून ठेवलं होतं, ते कुटं हाय?”

“दिलं.”

“कोनाले दिलं?”

मी डबा दाखवला. अक्का डब्याकडं पाहत राहिली, मग माझ्याकडं. मग हळूच म्हणाली, “त्यात आईचं लुगडं होतं. पोर झालं का याच्यातच घ्या, असं आई कमलले सांगून गेली होती.”

हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं असं लिहितानासुद्धा लाज वाटते, कारण गाठ मीच सोडली होती, कपडे मीच उलटसुलट करून पाहिले होते, आणि आईच्या अंगावर किती वर्षं पाहिलेलं लुगडं मला ओळखू आलं नाही. माझं लक्ष डब्याच्या झाकणाकडं होतं.

पण तेव्हा रडायलाही सवड नव्हती. अक्काच्या अंगावर नायलॉनचं पातळ, माझ्या अंगावर टेरिकॉटचा शर्ट-प्यांट, दवाखान्यात चांगलं दिसावं म्हणून मुद्दाम घातलेला; ओल टिपणारं त्यात काही नाही. कमलचं लुगडं भिजलेलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं एक फडका दिला, तिच्याकडं तिच्यापुरतंच होतं. तो लगेच ओला झाला. पोरगी रडत नव्हती, नुसती कण्हत होती, आणि तिचे ओठ मला बरे दिसेनात. अक्का म्हणाली, “पाहून काय राह्यला? जा, कुटूनबी आन.” मी पळालो. डबा हातातच राहिला होता.

दवाखान्याच्या मागं एक अरुंद गल्ली होती. पहिल्या दारात एक तेलुगू बोलणारी बाई होती. मी म्हटलं, जुना कपडा पाहिजे. तिनं डब्याकडं पाहून विचारलं, याच्यावर किती साड्या घेशील. मला तेलुगू बाजारापुरतं येतं, तेवढं कळलं. मी भांडीवाला नाही हे तेलुगूत सांगायला गेलो तर ते काही भलतंच झालं असावं, कारण तिनं दार लावून घेतलं. पुढच्या दारातली बाई आपल्याच भाषेतली. तिनं डबा हातात घेऊन टिचकी मारून पाहिला. म्हणाली, “पत्रा पातळ हाय. याच्यावर लुगडं मांगून राह्यला का तू? पातेलं घेऊन ये, मंग पाहू.” आदल्या दिवशी मी भांडीवाल्या बाईशी जी हुज्जत घातली होती, ती सगळी आता माझ्या वाट्याला आली. एरवी मला हसू आलं असतं. मी नुसता हात पसरून उभा राहिलो.

आणि त्या दारात उभ्याउभ्या मला आई आठवली. मंगळवारी परडी घेऊन ती घरोघर जोगवा मागायची. चांगलं पोटाला मिळणाऱ्या घरची बाई, पण देवीच्या नावानं पाच दारांत हात पसरल्याशिवाय जेवायची नाही. मला त्याची फार लाज वाटायची. गिरणी टाकल्यावर तर मी तिला म्हणालो होतो, आता बंद कर हे, लोक आपल्या दारात दळण घेऊन येतात. तिनं बंद केलं नाही, पण माझ्यादेखत निघायची बंद झाली. आता मीच दारोदार उभा होतो, परडीच्या जागी डबा घेऊन. मी देवीला काही मागितलं नाही, नवसही बोललो नाही. फक्त म्हणालो, आई, आता माझ्याच्यानं काही होत नाही. ते मी देवीला म्हणालो की माझ्या आईला, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

गल्लीच्या टोकाच्या घरात एक बाई उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होती. वय झालेली, केस पांढरे, कपाळ मोकळं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिला कागदी फुलांचा हार. माझ्याकडं पाहून ती म्हणाली, “काय झालं?” डब्याचं काही विचारलं नाही. मी सांगितलं, पोरगी झाली, कपडा नाही, गार पडून राह्यली. तिनं सूप खाली ठेवलं.

“जिती हाय ना?”

“हाय.”

ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. हातात पांढऱ्या सुती कपड्याच्या घड्यांची चवड, धुतलेल्या, चौकोनी, एकावर एक नीट रचलेल्या, आणि वर एक छोटी गोधडी. छोटी म्हणजे तान्ह्या पोरापुरतीच. त्या घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं. त्या घड्या कुणासाठी केल्या होत्या, गोधडी कुणासाठी शिवली होती, हे मी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. मी डबा पुढं केला. ती म्हणाली, “डबा घेऊन काय करू? पळ.”

मी पळालो. पुढचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं माझं काही कर्तृत्व नाही. पोरीला कोरडं केलं, गोधडीत गुंडाळून कमलच्या छातीशी दिलं. ऊन ओसरीवरून उतरायच्या आत ती रडली, आणि असं रडली की नर्सबाई दारातूनच म्हणाल्या, “अब ठीक.” कमलला लुगड्याचं अक्कानं सांगितलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी तेव्हाच मोकळा झालो असतो. आईचं लुगडं गेलं ते गेलंच. कुठल्या गावच्या कुठल्या गोधडीत ते शिवलं गेलं असेल, देव जाणे.

आता जी गोष्ट मला सांगायची आहे ती यापुढची. दवाखान्यातून सुटका झाली त्या दिवशी जीप फाटकाशी उभी होती. गल्ली तिथंच, समोर. मनात आलं, जाऊन यावं. मग म्हटलं, पुढच्या खेपेला येऊ, काहीतरी घेऊन येऊ, रिकाम्या हातानं कसं जायचं. पोरगी बाळसं धरल्यावर आम्ही माहूरला गेलो. मी देवीची ओटी भरली, पातळ नेसवलं, डोकं टेकवून पुष्कळ रडलो, आणि रुसवा मिटला. ते रडणं खोटं नव्हतं. मग मी ही हकिकत सांगायला लागलो, गिरणीवर, भजनाला, एसटीत. सांगता सांगता त्या बाईच्या मोकळ्या कपाळावर कुंकू आलं. मग हिरव्या बांगड्या आल्या. भिंतीवरची तसबीर गोष्टीतून निघून गेली, ती कशी गेली हे मला माहीत आहे आणि वाचणाऱ्यालाही कळेल. शेवटी शेवटी तर मी मागं वळून पाहिलं तो दारात कुणीच नव्हतं, असंही सांगायला लागलो. लोक हात जोडायचे. एकदा कमल गिरणीवर दळण घ्यायला आली होती, तिनं ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “तुमची बाई दर खेपेला जास्तच गोरी होऊन राह्यली.”

त्या दिवशी गिरणी बंद केल्यावर मी पुष्कळ विचार केला. त्या दारामागं देवीच उभी होती असं मी तेव्हा मानत होतो आणि आजही मानतो. मी त्या कृपेच्या लायकीचा नव्हतो, म्हणूनच ती कृपा. पण मी त्या बाईला देवी केलं ते भक्तीनं केलं नाही. देवी केली की पुन्हा तिच्या दारात जावं लागत नाही. माहूरला पायरीवर डोकं ठेवणं मला सोपं गेलं, तिथं मला हात पसरताना कुणी पाहिलं नव्हतं. शरण जायचं तर जिथं आपण उघडे पडलो त्याच उंबऱ्याशी परत जायला हवं, आणि तेवढंच मी केलं नव्हतं.

एवढं कळूनही मी लगेच गेलो नाही. माझं कळणं आणि वळणं यांत बरंच अंतर असतं. पोरीला शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा तिचं दप्तर आणायला आम्ही आदिलाबादला गेलो, आणि स्टँडवर उतरल्याउतरल्या कमल म्हणाली, “दुकान मंग. आदी तिकडं.” पोरीचा हात धरून ती पुढं चालायला लागली, मी मागून.

घर तेच होतं. बाई थकली होती, पण उंबऱ्यातच बसली होती. मी नाव सांगायला लागलो तर म्हणाली, “तुमी डबेवाले ना?” मी मान हलवली. कमलनं पोरीला पुढं केलं आणि पाया पडायला सांगितलं. बाईनं तिला वाकू दिलं नाही. जवळ घेतलं, डोक्यावरून, खांद्यांवरून, हातांवरून हात फिरवत राहिली, जसं काही मोजून घेत होती. आत जाऊन गुळाचा खडा आणून तिच्या तोंडात घातला. मी आणलेलं पातळ कमलनं तिच्यापुढं ठेवलं, तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी सुरुवात केली की बाई, त्या दिवशी देवीनंच मला तुमच्या दारात आणलं, आम्ही माहूरला जाऊन ओटी भरून आलो, गावोगाव तुमची गोष्ट सांगतो. ती मध्येच म्हणाली,

“इतकी वर्सं मी समजून राह्यली का पोरगी गेली, म्हनून तुमी आले नाही. तुमी एक चक्कर मारून मले सांगाचं होतं, डबेवाले. देवीले तर माहीतच होतं.”