देवासाठी राखलेलं अंजीर मी खाल्लं

"रविवारी बाबांना अंजिराच्या शेतावर न्यायचंय. ड्राइव्ह करशील?" नेओमीनं विचारलं. कुठे ते न विचारताच मी हो म्हटलं. गुरुवारी ती नोकरीसाठी दूर ईडन प्रेरीला कायमची जाणार होती आणि मी तिला मनातलं अजून काहीच सांगितलं नव्हतं.

आमच्या पार्सिपनीहून शेत दोन तासांवर, पेनसिल्व्हेनियात. जायचं तर सकाळी आठच्या आत निघा. नदीवरच्या पुलाचा टोल फक्त जाताना लागतो. शेतावर खायला काही मिळत नाही. आम्ही नेओमीच्या आईनं बांधून दिलेल्या पोळ्या आणि बटाट्याच्या भाजीवर निभावलं.

नेओमीचे बाबा, सॅम्युएल काका, अलिबागचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शेतातलं एक झाड त्यांनी वर्षभरासाठी घेतलंय. नेओमी बघतेय म्हणून मी ऐटीत त्याच झाडाचं सगळ्यात पिकलेलं अंजीर तोडलं, त्याला बांधलेली गवताची काडी फेकली आणि खाऊन टाकलं. मध होता, मध!

"अरे गाढवा! ते पहिलं फळ होतं!"

"सॉरी काका, मला वाटलं पिकलंय म्हणून खूण केलीय."

"पिकलंय म्हणूनच केली होती! पहिलं पिकलेलं फळ दिसलं की काडी बांधायची, ते देवाचं."

"मग ते वरचं घ्या ना, दुप्पट मोठं आहे!"

"मोठं काय करायचंय? पहिलं हवं."

"बाबा, चिल," नेओमी म्हणाली. "ही फळं न्यायची ते जेरुसलेमचं मंदिर पाडून दोन हजार वर्षं झाली. आणि हा नियम तिकडच्याच जमिनीचा, पेनसिल्व्हेनियाला लागूच नाही."

"ठाऊक आहे मला! सिनॅगॉगमधल्या पोरांना दाखवायचं होतं."

माझी आई देवापुढे डागाळलेलं केळं डाग भिंतीकडे वळवून ठेवते. देवानं कधी तक्रार केलेली नाही. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

काकांनी शिक्षा म्हणून मला पोरांसाठीची अंजिरं निवडायला बसवलं. किडकी बाजूला, चांगली टोपलीत. "जेरुसलेमला वेदीवर किडकं लाकूडसुद्धा चालत नसे," ते म्हणाले. "अंगात व्यंग असलेल्या पुजाऱ्यांना वेदीवर सेवा करता यायची नाही. ते बसून लाकडातली कीड शोधायचे."

माझं डोकं सटकलं. "म्हणजे माझ्यासारख्या कॉलेज सोडलेल्यांचं काम, असंच ना?"

"मी म्हटलं का तसं?"

"मनात तेच आहे तुमच्या! पण माझं नेओमीवर प्रेम आहे, काका!"

काका शांतपणे म्हणाले, "मग मला काय सांगतोस? ती बघ, तिथे बसलीय."

नेओमी हातातलं अंजीर उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "यार, मलाही तू आवडतोस. पण माझ्या मागेमागे ईडन प्रेरीला येऊ नकोस. तिथे तुझं स्वतःचं काही काम असेल, तर ये."

गुरुवारी ती गेली.

शेत झकास आहे, ऑगस्टअखेरीस जरूर जा. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही. तिनं सरळ नाही म्हटलं असतं तर कडाकडा भांडलो असतो. ती बरोबर बोलली, तिथेच माझी पंचाईत झाली.