बारीक टाक्यांचा पट्टा

बारीकराव अंगाने मुळीच बारीक नव्हते. स्वतःच्याच दुकानात शिरताना त्यांना थोडं तिरकं व्हावं लागे. दुकान तरी कसलं, दोन इमारतींच्या मधली बोळकांडी, वर पत्रा टाकलेला, आत एक मशीन, एक ठोकळा आणि दुरुस्तीला आलेल्या बुटांचा ढीग. नाव पडलं होतं ते त्यांच्या टाक्यांवरून. बोटाच्या एका पेरात बारा टाके, तेही हाताने आणि एका रेषेत. बूट शिवून झाला की ते तो लगेच गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. आधी उजेडाकडे धरून स्वतः बघत, मग त्याला बघायला लावत. "सांगा बरं, कुठे फाटला होता?" गिऱ्हाईक घाईत असलं तर त्याचं नशीब. कौतुक केल्याशिवाय सुटका नसे.

त्यांना एकच मुलगी. ती नऊ वर्षांची असताना शाळेने मुलांना गावाबाहेरच्या घोड्यांच्या मैदानावर नेलं, आणि घरी आल्यापासून तिला दुसरा विषयच राहिला नाही. जेवताना घोडा, आंघोळीला जाताना घोडा, सोफ्याच्या हातावर उशी टाकून तिच्यावर स्वारी. "जाईल चार दिवसांत," बायको म्हणाली. चार महिने झाले तरी जाईना, तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी बारीकराव लेकीला घेऊन मैदानावर गेले. फाटकाशी लावलेला फीचा फलक त्यांनी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचूनही आकडा तेवढाच राहिला.

तिथे शिकवणाऱ्या बाई उन्हाने रापलेल्या, किडकिडीत, आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. बापाचा चेहरा बघून त्या काय ते समजल्या. "सुरुवातीला फार काही लागत नाही हो," त्या म्हणाल्या. "खास बूट नकोत, टाच असलेला कुठलाही चालेल. कपडे घरातलेच. फक्त हेल्मेट नवं घ्या, तिथे हात आखडता घेऊ नका. आणि पहिला महिना ती नुसती घोड्याजवळ राहू दे. खरारा करेल, चारा घालेल, त्याची ओळख होईल. त्याचे मी पैसे घेत नाही." मग त्यांची नजर बारीकरावांच्या काळ्या पडलेल्या बोटांवर गेली. "तुम्ही चामड्याचं काम करता का?"

सगळं तिथेच उभ्या उभ्या ठरलं. मैदानावरची खोगिरं, लगाम, पट्टे, जे काही उसवेल ते बारीकरावांनी शिवायचं आणि त्या बदल्यात लेकीला आठवड्यातून दोन दिवस शिकवायचं. बापलेक घरी चालत आले, आणि चार मैल चालल्याचं दोघांनाही कळलं नाही.

हेल्मेट नवं आणलं. बूट दुकानातल्या ढिगातून निघाले, कोणीतरी दुरुस्तीला टाकून न्यायला विसरलेले. त्यांना नवी टाच बसली. बायकोने स्वतःच्या जुन्या पॅन्टमधून लेकीची पॅन्ट बेतली आणि गुडघ्यांच्या आतल्या बाजूला दुहेरी कापड लावलं. "माझ्या आयुष्यात मी गाढवावरसुद्धा बसले नाही," ती म्हणाली, "आणि माझी पॅन्ट निघाली घोड्यावर."

पोरगी भराभर शिकली. तिच्या वाट्याला आली होती एक तपकिरी, वयस्कर घोडी. आळशी इतकी, की तिला दुडक्या चालीवर आणायचं तर मोठ्या मुलांच्याही नाकीनऊ येत. लेकीने मात्र तिला काय कानात सांगितलं कोण जाणे, दोन महिन्यांत घोडी तिच्यासाठी चालायला लागली. पाठ ताठ, हात हलके, नजर समोर. बाई सहसा कोणाचं कौतुक करत नसत, पण एकदा कुंपणाला टेकून बारीकरावांना म्हणाल्या, "हिला घोडा कळतो. हे शिकवून येत नाही." बारीकरावांनी ते वाक्य बायकोला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं, तीन गिऱ्हाइकांना सांगितलं. पोरीला तेवढं सांगितलं नाही, डोक्यात हवा जाईल म्हणून.

आता पट्ट्याचं सांगायला हवं. घोडेस्वार ज्यात पाय अडकवतो ती लोखंडी रिकीब एका चामडी पट्ट्याला लटकते, आणि तो पट्टा खोगिराखालच्या हुकात अडकवलेला असतो. अशा पट्ट्यांचा एक गठ्ठाच दुरुस्तीला आला होता. बारीकरावांनी ते शिवून दिले तेव्हा बाईंनी एक हातात घेऊन उलटसुलट केला.

"इतके जवळ जवळ टाके? आधीचा माणूस लांब लांब घालायचा."

"म्हणून तर उसवत होते, बाई," बारीकराव हसले. "आता बघा, आपण जाऊ पण टाका जायचा नाही."

लेकीच्या खोगिराचा पट्टा त्यांनी मुद्दाम सगळ्यांत शेवटी शिवला, सगळ्यांत मन लावून. बाकीच्यांना पेरात बारा टाके, तिच्या पट्ट्याला पंधरा. आणि तिथेच घात झाला. बुटाच्या शिवणीवर कोणी उभं राहत नाही, रिकिबीवर सगळा भार पडतो. चामड्याला जवळ जवळ भोकं पाडली की ओढ बसल्यावर ते त्याच रेषेवर फाटतं, पोस्टाची तिकिटं भोकांवरून फाडतो तसं. खोगीर शिवणाऱ्या माणसाला हे पहिल्या दिवशी कळतं. बारीकरावांना वीस वर्षं बूट शिवून कळलं नव्हतं, आणि कोणाला विचारणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

ती पडली तेव्हा घोडी छान लयीत चालली होती. पोरगी रिकिबीत उभी राहिली, आणि एकदम डावीकडे कलंडून खाली आली. हेल्मेट जमिनीवर आपटल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला. डोकं वाचलं, कोपर मोडलं. बाई तिच्याकडे धावल्या. बारीकरावही धावले, पण वाटेत ती रिकीब पडली होती, आणि ते आधी त्या रिकिबीपाशी थांबले. पट्टा त्यांच्याच शिवणीवर फाटला होता. टाके सगळे जागच्या जागी, एकही उसवलेला नाही, आणि त्यांच्या कडेने चामडं सरळ रेषेत सुटलेलं.

"पट्टा तुटला का हो?" बाईंनी पोरीजवळून ओरडून विचारलं.

बारीकरावांनी पट्टा मुठीत गुंडाळला. "नाही," ते म्हणाले. "हुकातून निसटला."

पट्टा हुकातून कधी निसटतो, हे त्या मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. स्वाराचा पाय फार मागे गेला की निसटतो. बाई वाईट नव्हत्या, पण सवयीने बोलून गेल्या, "पाय मागे गेला ना गं? कितीदा सांगितलं तुला." पोरगी कोपर धरून रडत होती, तिने रडता रडताच मान हलवली. पाय गेला असेल मागे. बाबा सांगतात म्हणजे गेलाच असेल.

खरं सांगितलं तर बाई सगळी दुरुस्ती परत घेतील, लेकीची शिकवणी बंद होईल, असं बारीकरावांनी त्या दिवशी स्वतःला समजावलं. त्यात थोडं खरं होतं. पण बारीकरावांचा टाका चुकला, हे चार माणसांत त्यांच्याच्याने बोलवलं नाही, हे त्याहून जास्त खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो पट्टा कापून त्याचे बारीक तुकडे केले. मग मैदानावर जाऊन सगळेच्या सगळे पट्टे "जरा बघतो" म्हणून घरी आणले, पुढचं टोक कापून नव्याने शिवले, टाके लांब लांब घालून. दुसऱ्या कोणाचं पोर त्यांच्या शिवणीवरून पडणार नाही याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली. बाईंनी त्यांचे आभार मानले.

प्लास्टर निघाल्यावर पोरगी एकदा मैदानावर गेली. घोडीवर बसली, सारखी खाली वाकून डाव्या पायाकडे बघत राहिली, आणि एक फेरी पूर्ण व्हायच्या आत उतरली. "मला येत नाही, बाबा. माझा पाय मागे जातो." तेव्हा एका वाक्याचं काम होतं. बारीकराव म्हणाले, "नको तर नको, बेटा." हेल्मेट बाईंना देऊन टाकलं.

इथेच संपलं असतं तरी चाललं असतं. किती मुलं घोडा सोडतात, पोहणं सोडतात, गाणं सोडतात. पण पोरीने घोड्याबरोबर आणखी काय काय सोडलं ते बारीकराव बघत राहिले. सायकल शिकताना पहिल्या दिवशी तोल गेला, दुसऱ्या दिवशी तिने सायकल बाहेर काढली नाही. शाळेच्या नाटकात मोठं काम मिळालं, ते मैत्रिणीला दिलं. पुढे एका दवाखान्यात कागदपत्रं सांभाळायला लागली, तिथे तिला विभागाची प्रमुख करत होते तर म्हणाली, "मला नाही जमायचं ते." प्रत्येक वेळी बारीकराव सांगायला तोंड उघडायचे आणि हवापाण्याचं काहीतरी बोलायचे. बायको गेली, तिलाही त्यांनी सांगितलं नाही.

परवाची गोष्ट. दुकान बंद करून त्यांना पाच वर्षं झाली, नजर टाक्याला पुरत नाही. लेक सुट्टीला आली होती, दुपारी गॅलरीत त्यांच्याजवळ बसून वाटाणे सोलत होती. तिची सात वर्षांची पोर खालच्या रस्त्यावरून गेलेला घोडा बघून वर धावत आली. "आई, मला घोड्यावर बसायला शिकायचंय!"

"नको गं," लेक हसत म्हणाली. "आपल्या घरात ते कोणाला जमत नाही. मलाच विचार, धपकन पडले होते."

पोर हिरमुसली. खाली मान घालून स्वतःच्या पायांकडे बघायला लागली. बारीकरावांना ते बघवेना.

"पट्टा तुटला होता," ते म्हणाले.

"कुठला पट्टा?"

"तुझ्या रिकिबीचा. निसटला नव्हता. मी शिवला होता तिथेच फाटला. मी खोटं बोललो."

लेकीने हातातली शेंग सोलून पूर्ण केली. बारीकरावांनी इतकी वर्षं मनात घोळवलेलं बोलायला सुरुवात केली, की शिकवणी बंद झाली असती, की त्यांना वाटलं होतं... तिने हात वर केला तसे ते थांबले.

"मग माझा पाय?"

"पाय जागेवरच होता तुझा."

"म्हणजे मला येत होतं."

"येत होतं, पोरी. चांगलं येत होतं."

ती उठून आत गेली. मोरीतला नळ बराच वेळ चालू राहिला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता. ती ओरडेल, निघून जाईल, असं बारीकरावांना वाटलं होतं, आणि तसं झालं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. तिने फक्त लेकीला जवळ ओढून मांडीवर घेतलं आणि बापाकडे बघितलं.

"बाबा, मी सदतीस वर्षांची झाले हो आता," ती म्हणाली.