तिसऱ्या मजल्यावरचं महायुद्ध

समस्त आप्तेष्टांस, स्नेह्यांस आणि हितशत्रूंस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पहिले महायुद्ध युरोपात संपले ही समजूत चुकीची आहे. नव्वदच्या दशकात, दिवाळीतल्या एका शुक्रवारी, ते शारजात आमच्या बाल्कनीत पुन्हा लढले गेले. मी तिथे जातीने हजर होतो.

आता कारणं. लेक नववीत होती. महायुद्ध का पेटलं आणि कसं चाललं, हे वर्गासमोर उभं राहून सांगायचं होतं. घरात ही पोरगी झोपेतसुद्धा बोलायची, पण चार माणसं समोर आली की पुतळा. पहिलंच वाक्य विसरली आणि रडत जागेवर जाऊन बसली. बाईंनी येत्या शनिवारची दुसरी संधी दिली होती.

"बाबा, धिस टाइम आय विल नॉट क्राय," असं म्हणून ती दात आवळून पाठांतराला लागली. आणि पुन्हा पुन्हा त्याच पहिल्या वाक्यावर आपटायला लागली.

इकडे माझा किल्ला चालू होता. शारजात किल्ल्याला माती कुठली? शहराबाहेरच्या टेकाडावरून वाळू डिकीत भरून आणायची, पाणी मारायचं आणि बुरूज थापायचे. ओला असेपर्यंत किल्ला झोकात उभा. ऊन चढलं की वाळू वाळायची आणि गड आपोआप पडायचा, शत्रूची गरजच नाही. तरी "या वर्षी टिकणार!" म्हणत दर दिवाळीला आम्ही तोच उद्योग करायचो. त्या गुरुवारी दुपारी बुरूज बसला आणि तटाच्या जागी एक वाकडातिकडा चर उरला. लेक पुस्तक घेऊन बाहेर आली आणि बघतच राहिली.

"बाबा, धिस इज अ ट्रेंच."

"मग पाठांतर खलास!" मी ओरडलो. "उद्या पाहुण्यांना किल्ला दाखवतेस ना? हा दाखव. हेच सांग."

"इन फ्रंट ऑफ एव्हरीवन?" तिचा चेहरा पडला. पण मग तिने ओढणी कमरेला खोचली.

समोरासमोर दोन खंदक खोदले. ढासळणाऱ्या भिंतींना आइस्क्रीमच्या काड्या लावल्या. मधल्या जागेत राखाडी रांगोळी सांडली. तिच्या लहानपणची आगगाडी माळ्यावरून उतरली. सैनिक मात्र दोन्ही बाजूंना मावळेच, कारण पुण्याहून आलेल्या डब्यात जर्मन नव्हते. सिंहासनावरचे महाराज बायकोने उचलून तुळशीच्या कुंडीत ठेवले. "महाराज या भानगडीत पडणार नाहीत," तिने जाहीर केलं.

शुक्रवारी पाहुणे आले. त्यांत अबुधाबीचा मामा, बायकोचा मावसभाऊ, साताऱ्याकडचा. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्याच्या स्वभावात नाही. फराळाच्या ताटल्या घेऊन मंडळी बाल्कनीच्या दारात दाटली. लेक उभी राहिली. तोंड उघडलं. आवाज नाही. तिची बोटं ओढणीत रुतलेली मला दिसत होती.

"हे काय गं?" मामाने चकलीने खंदकाकडे बोट केलं. "भाले घेतलेले मावळे जर्मनांशी लढतायत? यल्ला, चल, काहीही!"

लेकीने मान वर केली.

"मामा, मावळे होतेच! तुमच्याच गावच्या चौकात दगड आहे ना, युद्धावर गेलेल्यांचा? आईने दाखवलाय मला. आपल्या लोकांची जहाजं याच आखातातून बसऱ्याला गेली. तुम्ही रोज त्या दगडाला टेकून बसायचात म्हणे!"

सगळे हसले. मामाने चकली खाली घेतली. आणि पोरगी सुटली.

"समजा, आपल्या पार्किंगमध्ये कुणी कुणाची गाडी ठोकली. त्याने भावाला बोलावलं, याने चुलत्याला. कारण सगळ्यांनी आधीच मदतीचं प्रॉमिस करून ठेवलेलं."

"मग सॉरी म्हणायचं ना," बायको म्हणाली.

"आई, तोवर सैनिकांनी ट्रेन्स भरून निघाल्या होत्या!" तिने आगगाडी सोडली. "टाइमटेबल थांबवलं तर आपण मागे पडू, ही प्रत्येकाला भीती. आणि सगळ्यांना वाटलं, ख्रिसमसपर्यंत संपेल."

जर्मन बेल्जियममधून पॅरिसकडे धावले, अडले, आणि दोन्ही बाजू जमिनीत शिरल्या. "मग माणसं नाही, फॅक्टरीज लढल्या," ती म्हणाली. तोफगोळे, मशीनगन, विषारी वायू. वीतभर जमिनीसाठी गावंच्या गावं रिकामी. इंग्रजांनी समुद्र अडवले तेव्हा जर्मनीत पोरंबाळं उपाशी. एवढ्यात एक काडी सुटली, भिंत खचली आणि तीन मावळे वाळूखाली गेले. तिने मुद्दाम ते काढले नाहीत. "असंच व्हायचं," एवढंच म्हणाली. ताटल्यांचा आवाज थांबला.

ती मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून हिंदीत उड्या मारत होती, पण थांबत नव्हती. रणगाडे आले. रशियात क्रांती होऊन झारची गादी गेली. बायको दोनदा खुणावून गेली, चहावर साय धरली. शेवटी मामाला राहवेना. "वा, फर्स्ट क्लास! टाळ्या!" म्हणून तो हात वर करतोय, तोच वाळूने माखलेली, लालबुंद झालेली माझी मुकी लेक सगळ्या पाहुण्यांसमोर त्याच्यावर ओरडली,

"मामा, वेट ना! अजून अमेरिका आलीच नाहीये!"