बटणांच्या डब्यातले प्रोसेसर

शर्टाचं बटण शोधायला डबा पालथा केला, तर बटणांबरोबर जुने प्रोसेसरही चटईवर पडले. घरातला कॉम्प्युटर बदलला, की त्याच्या आतला हा चौकोनी तुकडा मी आठवण म्हणून काढून ठेवत आलोय. सगळ्यांवर एकाच कंपनीचं नाव. वयाप्रमाणे ओळीत मांडले आणि उगाच अंगावर काटा आला.

पहिल्याच्या पोटाखाली गोमेसारखे पायच पाय आहेत. तो बिचारा थंड असायचा, त्याला पंखासुद्धा लागत नसे. दुसऱ्याच्या डोक्यावर पंखा आला, तिसऱ्याला तर मुठीएवढा लागायचा. पाय मात्र आधी केसासारखे बारीक झाले आणि पुढच्या पिढीत गेलेच. पोट नुसतं गुळगुळीत. ज्याला आता कुठे जायचंच नाही, त्याला पाय हवेत कशाला?

मुलगी डोकावून म्हणाली, "बाबा, नव्या लॅपटॉपमधला काही या डब्यात यायचा नाही हं. तो निघतच नाही. बोर्डालाच सोल्डर करून टाकलाय."

"आणि बिघडला तर?"

"तर अख्खा लॅपटॉप टाकायचा."

ती गेली. मी ओळीकडे बघत राहिलो. या प्रत्येकाला मी दोन बोटांनी उचलून बाहेर काढलं होतं. कुणी राहायचं आणि कुणी जायचं, हे आजवर मी ठरवत होतो.

टेबलावरच्या लॅपटॉपवर हात ठेवला. केव्हाच मिटून ठेवलेला होता, तरी कोमट लागला.