आईने दिलेली केसांची गोळी

आमच्याकडे सकाळचा चहा उशिरा होतो. आई उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी घेते आणि मग तासभर पोटात काही जाऊ देत नाही. आजीचंही तेच होतं, मावशीचंही तेच. त्या तासाभरात आईशी कामापुरतंच बोलावं.

दापोलीला शेतकी कॉलेजात असताना माझे केस गळायला लागले. भर मे महिन्यात चादर ओढून झोपायचे आणि तरी दमलेलीच उठायचे. सुट्टीत रत्नागिरीला आले तेव्हा आईचं निदान तयार होतं. "हॉस्टेलचं खाणं गो. आणि आळस, तो बाबांकडचा."

डॉक्टरांनी मात्र रक्त तपासायला सांगितलं. आईने घरच्या लग्नाचं निमित्त काढून तपासणी पंधरा दिवस पुढे ढकलली. दुसऱ्या दिवसापासून पहाटे माझ्या हातावर एक पांढरी गोळी यायला लागली. "केसांसाठी आहे," ती म्हणाली, आणि मलाही तासभर चहा देईना. तिथेच मला संशय यायला हवा होता. आंब्याच्या मोहरावरची तुडतुड्याची कीड मी लांबून ओळखते, आईचा डाव नाही ओळखला.

रिपोर्ट काठावर पास झाला. डॉक्टर म्हणाले, "औषधाची गरज नाही. आंबे खा." मी खूश होऊन उठलेसुद्धा. आई पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसलेली.

"डॉक्टर, हिला मी माझी गोळी देत होते. पंधरा दिवस."

"का?"

"रिपोर्ट बरा यावा म्हणून."

परीक्षेआधी शिकवणी लावतात, तशी तिने माझ्या रक्ताला लावली होती. डॉक्टर तिला बरंच बोलले. मी रिक्षात घरापर्यंत तोंड फिरवून बसले.

दीड महिन्याने, गोळीविना, पुन्हा तपासणी झाली. माझंच शरीर माझ्या थायरॉईडच्या ग्रंथीवर उठलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, घराण्यातून येतो तो फक्त कल; आजार होतोच असं नाही, आणि कुणाला का होतो हे नेमकं सांगता येत नाही. आईने त्यातलं 'घराण्यातून' तेवढं ऐकलं.

संध्याकाळी तांदूळ निवडताना ती मान वर न करता म्हणाली, "माझ्याकडूनच गेलं ना तुला?"

माझा राग तिथेच संपला. मला रडूच आलं. पण शिकलेलं कुठेतरी वापरायला हवं म्हणून म्हटलं, "आई, आंब्याच्या कलमाला सगळं एकाच झाडाचं मिळतं. मी कोयीची आहे. अर्धी बाबांची."

"त्यांचं काय आलंय तुझ्यात? आळस?"

"तोच तर थायरॉईड निघाला."

बऱ्याच दिवसांनी ती हसली.

आता फळीवर दोन बाटल्या असतात. माझी गोळी तिच्यापेक्षा कमी ताकदीची आहे. सुट्टीत घरी असले की आई पहाटे पाणी घेऊन येते, माझी बाटली माझ्यासमोर उघडते आणि तिच्यावर लिहिलेलं माझं नाव माझ्या डोळ्यांपुढे धरते.

"बघून घे. तुझीच आहे."

मी बघितलं म्हणते, आणि न बघताच गिळते.